नवा ऑफेन्सिव्ह को-ऑर्डिनेटर: घरातला, बाजारातला की कॉलेजातला?

जानेवारी आला की एनएफएलमधल्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधल्या, बऱ्याच संघांत एकच धावपळ सुरू होते. आक्रमण फसलं म्हणून ते आखणाऱ्या ऑफेन्सिव्ह को-ऑर्डिनेटरला (ओसी) नारळ मिळतो, नाहीतर आक्रमण इतकं बहरतं की दुसरा संघ त्याला मुख्य प्रशिक्षक म्हणून घेऊन जातो. दोन्हीकडे ओसीची जागा रिकामीच होते. मग चाहते नावांच्या याद्या करायला बसतात. खरं तर नावाच्या आधी वाट ठरवायला हवी. वाटा तीन आहेत: आपल्याच संघातल्या प्रशिक्षकाला बढती, दुसऱ्या एनएफएल संघात चाली पुकारून, म्हणजे सामन्यात प्रत्येक वेळी कोणती चाल खेळायची ते सांगून, आलेला माणूस, किंवा कॉलेज फुटबॉलमधला यशस्वी प्रशिक्षक.

हा आढावा ज्या संघाचा मुख्य प्रशिक्षक स्वतः चाली पुकारत नाही अशा संघासाठी आहे. काइल शॅनहन, शॉन मॅक्वे किंवा अँडी रीड यांच्या हाताखालचा ओसी आठवडाभराच्या आखणीत मोलाचा असतो, पण सामन्यात शब्द मुख्य प्रशिक्षकाचाच चालतो. तिथे निवड चुकली तरी निभावून नेता येतं. फिलाडेल्फिया ईगल्ससारख्या संघात तशी सोय नसते. ईगल्सचं उदाहरण इथे पुन्हा पुन्हा येईल, कारण मुख्य प्रशिक्षक निक सिरियानी आणि आक्रमणाचा सूत्रधार आणि पास फेकणारा खेळाडू, म्हणजे क्वार्टरबॅक, जेलन हर्ट्‌स तेच राहून त्या संघाने थोड्या वर्षांत दोन वाटा चालून पाहिल्या. इतकी स्वच्छ तुलना सहसा मिळत नाही.

पंचवीस सेकंदांचं काम

मागची चाल संपली की ४० सेकंदांचं घड्याळ सुरू होतं. क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधला रेडिओ घड्याळात १५ सेकंद उरले की बंद पडतो. म्हणजे किती यार्ड मिळाले ते पाहणं, कोणते खेळाडू आत पाठवायचे ते ठरवणं, चाल निवडणं आणि ती क्वार्टरबॅकच्या कानात पोहोचवणं, हे सगळं २५ सेकंदांत उरकायचं. उरलेल्या वेळात क्वार्टरबॅकने सहकाऱ्यांना चाल सांगायची, बचावाची मांडणी वाचायची आणि गरज पडली तर स्वतःला वाचवणाऱ्या खेळाडूंची, म्हणजे संरक्षणाची, रचना बदलायची. ओसीचा शब्द उशिरा आला तर क्वार्टरबॅकची ही शेवटची नजर जाते, आणि ब्लिट्झ, म्हणजे जास्तीच्या बचावपटूंचा क्वार्टरबॅकवरचा हल्ला, नेमका तिथेच अंगावर येतो.

प्लेबुक (चालींची वही) कितीही देखणं असलं तरी हा वेग कागदावर दिसत नाही. म्हणून एनएफएलमध्ये कधीच चाली न पुकारलेला उमेदवार या एका बाबतीत कोरी पाटी असतो, मग तो घरचा असो वा बाहेरचा.

घरातला माणूस

पिकतं तिथे विकत नाही, म्हणून घरच्या उमेदवाराकडे चाहते नाक मुरडतात. पण त्याच्या बाजूने खणखणीत मुद्दे आहेत. चालींची परिभाषा तीच राहते, लाइनचा (क्वार्टरबॅकपुढच्या पाच जणांच्या भिंतीचा) प्रशिक्षक तोच राहतो आणि खेळाडूंना काही विसरावं लागत नाही.

ईगल्सने २०२३ मध्ये हाच विचार केला. तेव्हाचा ओसी शेन स्टाइकन सुपर बोल ५७ नंतर कोल्ट्सचा मुख्य प्रशिक्षक झाला आणि क्वार्टरबॅकांचा प्रशिक्षक ब्रायन जॉन्सनला बढती मिळाली. तो हर्ट्‌सला त्याच्या लहानपणापासून ओळखत होता, अवघ्या २४ व्या वर्षी युटा विद्यापीठाचा ओसी झाला होता. संघाने १० विजय आणि १ पराभव अशी सुरुवात केली, शेवटच्या सहापैकी पाच सामने गमावले आणि प्लेऑफच्या (बाद फेरीच्या) पहिल्याच सामन्यात टॅम्पा बेकडून ९-३२ असा मार खाल्ला. हर्ट्‌सने त्या मोसमात १५ इंटरसेप्शन दिली, म्हणजे इतके पास प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेले. जॉन्सनला जावं लागलं. दोष एकट्याचा नव्हता. बचावही कोसळला होता आणि डिसेंबरात तिकडची सूत्रंही हलवावी लागली होती.

तरी आक्रमणातली गफलत नीट समजून घ्यायला हवी. लाइनचे पाच आणि चेंडू घेऊन धावणारा रनिंग बॅक धरून संरक्षणाला सहा जण असतात. सात जण चालून आले की एक मोकळा सुटतोच. त्यावर उपाय ठरलेले आहेत: पास झेलणाऱ्या रिसीव्हरने धाव तोडून चटकन वळायचं आणि चेंडू लगेच सोडायचा, स्क्रीन (अडवणाऱ्यांच्या आडून छोटा पास) टाकायचा, किंवा टाइट एंडला (झेलणं आणि अडवणं दोन्ही करणाऱ्याला) मागे ठेवायचं. ईगल्सचे रिसीव्हर मात्र बऱ्याचदा लांबच्या धावांवर असायचे आणि हर्ट्‌सला जवळचं उत्तर सापडायचं नाही. स्नॅपआधीची (चेंडू मागे देऊन चाल सुरू होण्याआधीची) हालचालही कमी असल्याने बचाव काय लपवतोय ते आधी उघड होत नव्हतं. प्रतिस्पर्धी एकदा हे ओळखतात आणि मग दर आठवड्याला तेच करतात. टॅम्पाविरुद्ध हर्ट्‌सला स्वतःच्या एंड झोनमध्ये (गोल रेषेमागच्या पट्ट्यात) चेंडू फेकून द्यावा लागला आणि त्यावर सेफ्टी बसली, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला दोन गुण मिळाले.

घरच्या बढतीतला मोठा धोका इथे आहे. जुनी पद्धत पुढे चालवणाऱ्याला तिच्यातली भोकं दिसत नाहीत, आणि दिसली तरी ती बुजवायचा अधिकार आपल्याला आहे असं त्याला वाटत नाही.

याच वाटेवर डेट्रॉइट लायन्सचं सोनं झालं. २०२१ च्या मोसमाच्या मध्यावर मुख्य प्रशिक्षक डॅन कॅम्पबेलने चाली पुकारण्याचं काम ओसी अँथनी लिनकडून स्वतःकडे घेतलं आणि टाइट एंडांचा प्रशिक्षक बेन जॉन्सनवर पासिंगच्या आखणीची मोठी जबाबदारी टाकली. हातातले सामने जातच होते, तेव्हा माणूस पारखायला तोच काळ वापरला. २०२२ मध्ये जॉन्सन रीतसर ओसी झाला. १-६ (१ विजय, ६ पराभव) अशा अवस्थेतून संघ ९-८ वर आला आणि २०२४ मध्ये १५-२ अशा कामगिरीत ५६४ गुण करून लीगमध्ये अव्वल ठरला. दोन्ही संघांनी घरचाच माणूस घेतला. लायन्सने त्याला आधी तपासून घेतलं, हा फरक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

म्हणून घरच्या उमेदवाराबद्दल एकच प्रश्न: गेल्या मोसमात त्याने आखलेल्या कोणत्या गोष्टी प्रत्यक्ष सामन्यात चालल्या? याचं उत्तर फिल्ममधून दाखवता येत नसेल तर बढती देऊ नये. ईगल्सने २०२५ मध्ये पुन्हा घरच्याच केव्हिन पटुलोला बढती दिली आणि मोसम संपताच त्यालाही हटवलं.

बाजारातला माणूस

या बाजारात हवा तो माणूस उचलता येत नाही. कराराखालच्या ओसीला तशाच पदासाठी सोडायला त्याचा संघ नकार देऊ शकतो. पोझिशन कोचला (एकाच जागेच्या खेळाडूंच्या प्रशिक्षकाला) मात्र खऱ्याखुऱ्या को-ऑर्डिनेटरपदाच्या मुलाखतीपासून अडवता येत नाही, हा बदल २०२० मध्ये झाला. त्यामुळे अनुभवी ओसी सहसा तेव्हाच हाती लागतो जेव्हा त्याच्या मुख्य प्रशिक्षकाची गच्छंती होते. चार्जर्सने डिसेंबर २०२३ मध्ये मुख्य प्रशिक्षक ब्रँडन स्टेलीला काढलं, जानेवारीत त्याच्या जागी जिम हार्बॉ आला आणि तिथला ओसी केलन मूर ईगल्सला मिळाला. प्रशिक्षकांचे पगार सॅलरी कॅपमध्ये (खेळाडूंच्या पगारांच्या कमाल मर्यादेत) धरले जात नाहीत, त्यामुळे पैशांवरून हात आखडणाऱ्या मालकाची सबब ऐकून घेऊ नये.

मूरने डॅलसमध्ये चार मोसम आणि चार्जर्सबरोबर एक मोसम ओसीचं काम केलं होतं. त्याची ओळख पासिंगची. ईगल्सची २०२४ ची सुरुवात २-२ अशी अडखळत झाली. मग विश्रांतीच्या आठवड्यानंतर आक्रमणाचा भार धावत्या खेळावर गेला आणि संघाने उरलेल्या १३ पैकी १२ सामने जिंकले. रनिंग बॅक सॅक्वॉन बार्क्लीने २,००५ यार्ड धाव घेतली. हर्ट्‌सची इंटरसेप्शन १५ वरून ५ वर आली. सुपर बोल ५९ मध्ये कॅन्सस सिटीने बार्क्लीला २५ धावांत ५७ यार्डांवर रोखून धरलं, तेव्हा आक्रमण पासवर वळलं, हर्ट्‌स सामनावीर ठरला आणि ईगल्स ४०-२२ ने जिंकले.

आपली आवडती पद्धत बाजूला ठेवून हातात असलेल्या खेळाडूंचं आक्रमण चालवणं, हा गुण अनुभवाशिवाय क्वचित येतो. पण मूर येताना एक गोष्ट जागेवर होती, ती नजरेआड करू नये: २०१३ पासून तिथे असलेला लाइनचा प्रशिक्षक जेफ स्टाउटलंड. लाइनच्या मधोमध खेळणारा सेंटर जेसन केल्सी निवृत्त झाला तरी लाइन विस्कटली नाही. बाहेरून येणारा ओसी ‘माझा लाइन कोच सोबत आणतो’ म्हणाला तर सावध व्हा. चांगली लाइन असलेल्या संघाने या अटीवर सही करू नये.

या वाटेची खरी किंमत पुढच्या वर्षी कळते. मूर एका मोसमात न्यू ऑर्लीन्सचा मुख्य प्रशिक्षक झाला. बेन जॉन्सन २०२५ मध्ये शिकागोला गेला. लायन्सने त्याच्या जागी बाहेरून जॉन मॉर्टनला आणलं आणि त्याच मोसमात कॅम्पबेलला पुन्हा चाली पुकारण्याचं काम हाती घ्यावं लागलं.

कॉलेजातला माणूस

कॉलेजचे आकडे भुरळ घालतात, पण मैदानच वेगळं असतं. चाल ज्यांच्या दरम्यान सुरू होते त्या हॅश खुणांच्या दोन रांगांमधलं अंतर कॉलेजात ४० फूट, एनएफएलमध्ये साडेअठरा फूट. कॉलेजात चेंडू कडेला असला की एका बाजूला प्रचंड मोकळी जागा मिळते आणि बऱ्याच चाली त्या जागेवरच उभ्या असतात. एनएफएलमध्ये ती जागा आक्रसते. दुसरा फरक आरपीओचा, म्हणजे धाव की पास हे चेंडू हातात आल्यावर ठरवायच्या चालींचा. पास जाण्याआधी कॉलेजच्या लाइनमनला ३ यार्ड पुढे जाता येतं, एनएफएलमध्ये १ यार्ड. दोन यार्ड ऐकायला किरकोळ वाटतात, पण क्वार्टरबॅकचा विचार करायचा वेळ त्यात जातो.

तरी बॉल्टिमोर रेव्हन्सने २०२३ मध्ये जॉर्जिया विद्यापीठातून टॉड मंकनला आणलं ते अचूक ठरलं. आधीचा ओसी ग्रेग रोमनच्या आक्रमणाने २०१९ मध्ये ३,२९६ यार्ड धाव घेऊन विक्रम केला होता, पण पासिंग साचून राहिलं होतं. मंकनने मैदान रुंद वापरलं आणि क्वार्टरबॅक लमार जॅक्सनला स्नॅपआधी निर्णय घ्यायची अधिक मोकळीक दिली. जॅक्सनला २०२३ मध्ये दुसऱ्यांदा एमव्हीपी (मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब) मिळाला. २०२४ मध्ये त्याने ४१ टचडाउन पास दिले, इंटरसेप्शन फक्त ४. त्या मोसमात ४,००० यार्ड पास आणि ३,००० यार्ड धाव असं दोन्ही करणारा रेव्हन्स हा पहिला संघ ठरला. पण मंकन निव्वळ कॉलेजचा नव्हता. टॅम्पा बे आणि क्लीव्हलंडमध्ये त्याने एनएफएल ओसी म्हणून काम केलं होतं. त्याचंही एक अपयश लक्षात ठेवावं: जानेवारी २०२४ च्या एएफसीच्या (एनएफएलच्या दोन गटांपैकी एका गटाच्या) अंतिम सामन्यात कॅन्सस सिटीविरुद्ध रेव्हन्सच्या रनिंग बॅकांना मिळून फक्त सहा वेळा चेंडू मिळाला आणि संघ १०-१७ ने हरला. पिछाडीवर असताना हा माणूस आपली ताकद विसरतो का, हे विचारायलाच हवं.

ओहायो स्टेटच्या राष्ट्रीय विजेतेपदाच्या वेळी तिथला ओसी असलेला चिप केली एनएफएलमध्ये मुख्य प्रशिक्षक राहिलेला होता. रेडर्सने २०२५ मध्ये त्याला ओसी नेमलं आणि नोव्हेंबरातच काढलं. शेवटच्या सामन्यात क्लीव्हलंडने त्यांच्या क्वार्टरबॅकला दहा वेळा सॅक केलं, म्हणजे पास सुटण्याआधीच पाडलं. लाइनच ढासळलेली, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आधी लाइन उभी करा, मग कॉलेजातून कल्पना आणा.

परिभाषेचा हिशेब

वेस्ट कोस्ट पद्धतीत चाल लांबलचक शब्दांत सांगतात; प्रत्येक खेळाडूचं काम त्यात येतं, पण २५ सेकंदांतले बरेच त्यातच जातात. कोरिएल पद्धतीत रिसीव्हरांच्या धावांना ० ते ९ आकडे असतात, त्यामुळे तीन आकड्यांत तीन धावा सांगून होतात. एरहार्ट-पर्किन्समध्ये संपूर्ण संकल्पनेला एक नाव असतं. हडल (चालीआधीचा घोळका) न करता खेळायला ती सोयीची, पण कुठल्या जागी उभं राहिल्यावर आपलं काम काय हे प्रत्येकाला पाठ हवं. तीन वर्षांत तिसरी परिभाषा शिकणारा क्वार्टरबॅक बचाव वाचण्याऐवजी शब्द आठवत बसतो.

सरावाचा वेळही तुटपुंजा असतो. उन्हाळ्याआधीचा कार्यक्रम नऊ आठवड्यांचा. पहिले दोन आठवडे बैठका आणि व्यायाम, पुढचे तीन मैदानावर पण आक्रमण विरुद्ध बचाव नाही, शेवटच्या चार आठवड्यांत दहा संघ-सराव आणि तेही धडक न घेता. पॅड घालून खरी कसोटी जुलैअखेरच्या शिबिरात लागते. म्हणून जुळवून कोणी घ्यायचं हे नेमणुकीच्या दिवशीच ठरवा. क्वार्टरबॅक बसलेला असेल तर ओसीने संघाची भाषा शिकावी. क्वार्टरबॅक नवखा असेल तरच ओसीची भाषा आणावी.

मुलाखतीत काय मागायचं

सर्वोत्तम सामन्यांची फिल्म बघण्यात वेळ घालवू नका. उमेदवाराचे सर्वांत वाईट तीन सामने लावा आणि सामन्याच्या तिसऱ्या क्वार्टरमध्ये त्याने काय बदललं ते विचारा. त्याची सामन्याची चाल-यादी मागा: तिसऱ्या डाउनला (दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार संधींपैकी तिसरीला) १-२, ३-६ आणि ७-१० यार्डांसाठी वेगळे रकाने आहेत का, स्वतःच्या ५ यार्ड रेषेवरून काय करतो, आघाडीवर असताना शेवटची चार मिनिटं कशी खेळतो. ब्लिट्झचं एक चित्र समोर ठेवून घड्याळ लावा. संरक्षण सेंटर ठरवणार की क्वार्टरबॅक, हेही स्पष्ट विचारा. आणि आपल्या प्लेबुकमधल्या कोणत्या चाली तो काढून टाकेल ते ऐका. एकही काढणार नसेल तर त्याने तुमचा संघ पाहिलेलाच नाही.

रूनी नियमानुसार या पदासाठीही अल्पसंख्याक समाजांतल्या उमेदवारांच्या मुलाखती घ्याव्या लागतात. त्या उरकून टाकायच्या म्हणून घेणारा संघ स्वतःचंच नुकसान करतो.

कोणी काय निवडावं

क्वार्टरबॅक तयार, लाइन भक्कम आणि मुख्य प्रशिक्षक चाली न पुकारणारा असेल तर मी बाजारातला अनुभवी माणूस घेईन, लाइन कोच न बदलण्याच्या अटीवर. आक्रमण चांगलं चालू असताना ओसीला दुसऱ्या संघाने नेलं असेल आणि घरच्या सहायकाने निदान प्रीसीझनमध्ये (मोसमाआधीच्या सराव सामन्यांत) तरी चाली पुकारल्या असतील, तर घरचाच. कॉलेजची वाट दोनच अटींवर: उमेदवाराने एनएफएलमध्ये आधी काम केलेलं असावं आणि क्वार्टरबॅक पायांनीही धोकादायक असावा.

माणूस कुठूनही आणा, पहिल्याच वर्षी त्याच्या हाताखाली एक वारसदार नेमा आणि ऑगस्टच्या एका प्रीसीझन सामन्यात रेडिओ त्याच्या हाती द्या. ओसी यशस्वी झाला तर तो जाणारच, आणि तेव्हा नव्या शोधाला हातात जेमतेम काही आठवडे असतात.