‘गाले’च्या सहीशेजारची तीन अक्षरं

ऑनलाइन लिलावात फ्रान्समधल्या नान्सी शहरातला जुना काच-कारागीर एमिल गाले याच्या नावाने कॅमिओ काचेची, म्हणजे रंगीत थरांत उठावाची नक्षी केलेल्या काचेची, फुलदाणी घेऊन फसलेल्यांचा अनुभव बहुतेक वेळा एकाच जागी येऊन थांबतो. पैसे दिलेले असतात, वस्तू घरी आलेली असते, आणि मग कुणी जाणकार भिंग लावून सहीलगतचा एक गुळगुळीत डाग दाखवतो. तिथे रोमन लिपीत ‘टिप’ (TIP) लिहिलेलं होतं.

रोमानियन भाषेत ‘टिप’ म्हणजे प्रकार, धाटणी. रोमानियातल्या कारखान्यांत गालेच्या धाटणीची नवी कॅमिओ काच तयार होते आणि तिच्यावर ‘गाले टिप’ असं उठावात लिहिलेलं असतं. त्या कारागिरांनी काहीच लपवलेलं नसतं, हे आवर्जून सांगायला हवं. लबाडी मधल्या विक्रेत्याची. तीन अक्षरं घासली, की नव्या वस्तूला शंभर वर्षं जुन्या वस्तूची किंमत लावता येते.

‘थर खरे आहेत ना, मग झालं’ या समजुतीने अनेक जण फसतात. नक्कलही त्याच पद्धतीने होते. फिक्या काचेवर एक-दोन गडद रंगांचे थर चढवायचे, काच सावकाश थंड करायची, नक्षी आणि सही डांबरासारख्या आम्लरोधक लेपाने झाकायची आणि उरलेला भाग हायड्रोफ्लोरिक आम्लाला खाऊ द्यायचा. फरक नक्षी किती खोल उतरली आहे यात दिसतो. जुन्या चांगल्या कामात आम्लाचे अनेक हात असतात, त्यामुळे एकाच पाकळीत गडद ते फिकट अशा छटा उतरतात. काही वेळा शिरा चाकावर कोरलेल्या असतात. घाईच्या नकलेत पान सपाट, एकाच उंचीचं आणि कडा तुटक असतात.

अक्षरं घासलेली जागा ओळखायला दहापट भिंग आणि छोटी बॅटरी पुरते. उजेड समोरून पाडू नका, अगदी तिरका पाडा. भोवतालची आम्लाने खाल्लेली काच मखमलीसारखी मंद दिसते. घासलेल्या जागी समांतर बारीक रेघा किंवा नको इतकी चकाकी असते. पुन्हा आम्ल लावून चकाकी मारली, तरी उथळ खळगा राहतो आणि त्यावरून सरकणारा उजेड वाकतो. ‘टिप’ कधी सहीच्या पुढे असतं, कधी खाली. म्हणून चारही बाजू तपासा.

तळाची कडाही पाहा. वर्षानुवर्षांच्या वापराचे ओरखडे वेगवेगळ्या दिशांना जातात. सगळे एकाच दिशेने असतील, तर ते पॉलिशपेपरचं काम.

‘गालेने स्वतः घडवलेली, 1920 ची’ असं वर्णन दिसलं तर तिथेच थांबा. नान्सीचा हा कारागीर 1904 मध्ये वारला. त्याचा कारखाना 1930 च्या दशकापर्यंत चालला, त्यामुळे 1920 ची अस्सल वस्तू असू शकते, पण ती कारखान्याची. त्याच्या मृत्यूनंतरच्या काही वर्षांत सहीसोबत चांदणीही येई. चांदणीची वस्तू 1890 ची म्हणून विकणारा एक तर अडाणी, नाही तर खोटा.

पैसे देण्याआधी सही, तोंडाची कडा आणि तळ यांचे तिरक्या उजेडातले फोटो मागा. ‘गालेच्या कारखान्याची, मूळ सहीची, कुठेही न घासलेली’ हे शब्द पावतीवर लिहून घ्या. ‘गाले शैलीतील’ एवढंच लिहिलेली पावती घेतलीत, तर पुढे तक्रारीला आधार उरत नाही. वस्तू आल्यावर खोकं उघडतानाचा व्हिडिओ घ्या आणि परतीची मुदत संपण्याआधी भिंग लावा.