ज्युपिटर-८ की कॅनन १.८: तालमीतल्या उजेडात दोन जुन्या लेन्स

रेंजफाइंडर बॉडी, म्हणजे खिडकीतल्या दोन प्रतिमा जुळवून फोकस करायचा जुना फिल्म कॅमेरा हातात आहे, पैसे एकाच लेन्सपुरते आहेत आणि ५० एमएमच घ्यायची एवढं ठरलंय. या टप्प्यावर मी जवळजवळ दोन वर्षं अडकलो होतो. पुढे दोन्ही लेन्स घरात आल्या, दोन्हींवर बरेच रोल संपले. आज जो त्याच जागी उभा आहे त्याच्यासाठी हे लिहितोय. माझी बॉडी कॅनन पी. फोटो बहुतेक कुस्तीच्या तालमीतले, पहाटे साडेपाच-सहाचे. हौद्यावर एका खिडकीचा उजेड, वर एखादी ट्यूबलाइट, खाली तांबडी माती. ४०० आयएसओचा रोल ८०० ला ओढला तरी १/६० सेकंदाच्या शटरला एफ २ च्या पुढे सरकता येत नाही, म्हणजे लेन्सचं तोंड (अपर्चर) जवळपास पूर्ण उघडं ठेवावं लागतं; एफचा आकडा जितका लहान तितकं ते मोठं. तुम्ही कोल्हापुरात रंकाळ्यावर संध्याकाळी आरामात एफ ८ ला फोटो काढत असाल, तर पुढचं निम्मं तुम्हाला लागू पडणार नाही.

आधी ज्युपिटर-८ बद्दल, कारण पहिलं प्रेम तिच्यावरच बसलं. ही मुळात झाईस या जर्मन कंपनीच्या सोनार लेन्सची बहीण. लुडविग बेर्टेलेने १९३० च्या दशकात झाईसच्याच काँटॅक्स कॅमेऱ्यासाठी केलेली ती रचना युद्धानंतर रशियात गेली आणि क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात ज्युपिटर म्हणून बनू लागली. सहा भिंगं, पण तीनच गटांत चिकटवलेली. काच आणि हवा जिथे भेटतात तिथे उजेड परावर्तित होतो, आणि असे पृष्ठभाग इथे कमी आहेत. त्यामुळे साधं कोटिंग असूनही कॉन्ट्रास्ट टिकतो. एफ २ ला मधला भाग धारदार, कडेला हळूहळू विरघळत जाणारा. मातीने माखलेल्या पाठीवर खिडकीचा उजेड पडला की खांद्यापासून कमरेपर्यंत करड्या रंगाच्या ज्या छटा ही लेन्स देते, त्या मला कॅननमधून तशाच मिळालेल्या नाहीत. हे मी मोजलेलं नाही. प्रिंट शेजारी ठेवून बघितलंय, एवढंच.

कॅनन ५० एमएम १.८ ची मूळ रचना हिरोशी इतो यांची, १९५१ ची. तेव्हा ती सेरेनार नावाने निघाली. माझ्याकडे आहे ती १९५६ नंतरची, काळी-चंदेरी. ही गाऊस घराण्यातली, म्हणजे अपर्चरच्या दोन्ही बाजूंना जवळपास सारखी भिंगं असलेली, आणि स्वभावाने सरळ. १.८ ला थोडी मऊ, २.८ ला चित्र जवळपास सगळीकडे सारखं. प्रिंट पाहून कुणी ‘वा, कोणती लेन्स?’ असं विचारत नाही. तरीही माझ्या बॅगेत आता हीच असते.

हाताळणीत कॅनन उजवी आहे. तिचं अपर्चर टकटक करत सरकतं. अंधारात न बघता दोन टक मोजले की काम झालं. ज्युपिटरच्या कड्याला टकटक नाही, फोकस करताना बोट लागलं की एफ २ चं एफ २.८ कधी झालं ते कळत नाही. याची सवय होते, मला झाली होती. या कारणावरून मी ज्युपिटर सोडली नसती.

सोडली ती कानामुळे.

झालं असं की एका पैलवानाचे मी सव्वा मीटरवरून बरेच फोटो काढले. जोर मारून उठलेला, घाम आणि माती, नजर थेट माझ्याकडे. रेंजफाइंडरमधल्या दोन प्रतिमा मी त्याच्या पापणीवर जुळवल्या होत्या. रोल घरी धुतला, प्रिंट केले आणि तालमीत घेऊन गेलो. पैलवानाने बराच वेळ बघितलं आणि अगदी मनापासून म्हणाला, “काका, कान लई झ्याक आलाय की.” पैलवानाचा मोडलेला कान ही मिरवायचीच गोष्ट, त्यामुळे तो खूश होता. पण डोळे मऊ होते. पुढच्या रोलवर तेच, त्याच्या पुढच्यावरही तेच. आधी मला वाटलं माझाच हात हलतोय, मग वाटलं बॉडीचं रेंजफाइंडर बिघडलंय.

कारण वेगळंच निघालं, आणि ते समजून घेतल्याशिवाय ज्युपिटर घेऊ नये असं माझं मत आहे. लायका आणि तिच्या मागोमाग आलेल्या कॅननसारख्या बॉडी ५० एमएम लेन्सची खरी फोकल लांबी ५१.६ मिलिमीटर धरतात. रशियन लेन्स काँटॅक्सच्या हिशोबाच्या, ५२.४ च्या. दूरवर फरक पडत नाही, पण जवळ येताना लेन्सला जेवढं बाहेर यायला हवं तेवढं ती येत नाही आणि फोकस मागे पडतो. एक मीटरवर साधारण तीन सेंटिमीटर. एफ ५.६ ला हे झाकलं जातं. एफ २ ला डोळ्यावरची धार कानाकडे सरकते.

यावर उपाय नाही असं नाही. भिंगांचा गट ज्या पातळ रिंगवर बसतो ती शिम थोडी जाड केली की जवळचं जुळतं. शिवाजी उद्यमनगरात ओळखीच्या टर्नरकडे गेलो. लेन्स बॉडीवर फिरवून बसवायला इंचाला २६ आटे आहेत म्हटल्यावर त्यांनी लगेच ओळखलं की हे इंग्रजी माप आहे. सात शतांश मिलिमीटर जास्त जाडीची रिंग त्यांनी मला एवढ्या आपुलकीने करून दिली की पैसे घ्यायलाच तयार नव्हते. तालमीत डोळे जुळले. मग एका संध्याकाळी रंकाळ्याच्या चौपाटीवरून शालिनी पॅलेसचा मनोरा एफ २ ला काढला, तर तो मऊ. जवळचं साधलं तर दूरचं जातं. एवढ्याशा लेन्ससाठी दर वेळी मनात बेरीज-वजाबाकी करायची, याचा मला थकवा आला. कुणाला येणारही नाही.

कॅननचंही एक दुखणं आहे आणि ते लपवून तिची बाजू घेणं बरोबर नाही. या लेन्समध्ये अपर्चरच्या मागच्या काचेवर धुरकट थर बसतो. जुन्या ग्रीसची वाफ त्याला कारणीभूत असल्याचं मानतात. लवकर पुसला तर निघतो, उशीर झाला तर काचच खाल्ली जाते आणि मग काही करता येत नाही. माझी पहिली कॅनन तशीच आली. विकणाऱ्याने ‘काच स्वच्छ’ लिहिलं होतं, समोरून ती स्वच्छ दिसतही होती. खिडकीकडे तोंड केलं की फोटोवर दूध सांडल्यासारखं व्हायचं. दुसरी घेताना अपर्चर पूर्ण उघडून, मागून मोबाइलची टॉर्च मारून काढलेला फोटो मागितला आणि तो आल्यावरच पैसे पाठवले. ज्युपिटरपेक्षा जवळपास दुप्पट गेले. तरी पहिल्याच रोलवर पापणीचे केस मोजता आले.

लायकाच्या एल्मार ५० एमएम ३.५ चा विचार असेल तर थोडक्यात सांगतो: लेन्स सुंदर, आत सरकवली की खिशात मावते, पण ३.५ तालमीत पुरत नाही, आणि अपर्चरची कळ समोरच्या तोंडावर असल्याने फिल्टर चढवला की बोट पोचत नाही. स्वस्तात एल्मार मिळत असेल तर ती नाव कोरलेली रशियन इंडस्टार असू शकते. खऱ्या एल्मारमध्ये अपर्चरची पाती पहिल्या भिंगाच्या लगेच मागे असतात.

आणखी एक फसगत टाळा. झेनिट या रशियन एसएलआर कॅमेऱ्याच्या जुन्या लेन्सचे आटेही ३९ मिलिमीटरचेच. त्या तुमच्या बॉडीवर छान बसतील, पण झेनिटमध्ये लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचं अंतर ४५.२ मिलिमीटर आहे आणि आपल्या बॉडीत २८.८. फोकस कधीच लागणार नाही. एन्लार्जरच्या, म्हणजे डार्करूममध्ये प्रिंट मोठा करायच्या यंत्राच्या लेन्सही अशाच चुकून गळ्यात पडतात.

घेतल्यावर चामड्याच्या मूळ डबीत ठेवू नका, ती कितीही देखणी असली तरी. आपल्याकडे जूनपासून चार महिने चामडं ओल धरून ठेवतं आणि बुरशीला घर मिळतं. मी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवतो आणि उघडीप मिळाली की लेन्स बाहेर काढून वापरतो.

तुमची बॉडी झोर्की किंवा फेड, म्हणजे सोव्हिएत रेंजफाइंडर असेल तर मात्र माझा सगळा कल उलटा धरा. त्या बॉडी ज्युपिटरच्याच हिशोबाने जुळवलेल्या असतात. मी जाड रिंग काढून जुनी परत बसवली आणि गेल्या वर्षी मिळालेल्या झोर्की-४ वर ज्युपिटर चढवली. परवा तोच पैलवान पुन्हा समोर बसला होता, त्याच सव्वा मीटरवर. या वेळी कान मऊ आलाय. त्याला प्रिंट अजून दाखवलेला नाही.