फोन, वही की गळा? घरच्या अर्धवट चाली राखायच्या तर

आजीला पाळण्याची एक चाल येते. हादग्याची दोन-तीन गाणी येतात. जात्यावरची ओवी ती जोरात सुरू करते आणि दुसऱ्या ओळीला अडते, "पुढचं येत नाही बघ." बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पुष्कळ मराठी घरांत आज हे असंच चाललं आहे. जातं माळ्यावर, पीठ चक्कीवर, आणि चाल एकट्या म्हातारीच्या डोक्यात. ती राखायची ठरवली तर वाटा तीन: फोनवर आवाज घेणं, पेटीच्या मास्तरांकडून स्वरलिपी करून घेणं, म्हणजे चालीचे स्वर वहीत उतरवणं, नाहीतर घरातल्या कुणीतरी ते गाणं शिकणं.

फोन सगळ्यात स्वस्त आणि आजच्या आज होण्यासारखा. आवाजाचा पोत, श्वास, दोन स्वरांच्या मधली जागा, हे सगळं फक्त त्यातच येतं. खर्चाची भीती नको. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिटच्या स्टिरिओ वेव्ह फाइलला मिनिटाला साधारण साडेदहा एमबी लागतात. तासाभराचं गाणं साडेसहाशे एमबीत बसतं. अडचण वेगळीच आहे. बहुतेक जण व्हॉट्सअ‍ॅपची व्हॉइस नोट घेतात आणि तीच जपून ठेवतात. ती बोलण्यासाठी दाबून लहान केलेली असते, गाण्यासाठी नव्हे. फोनमधल्या रेकॉर्डर अ‍ॅपमध्ये घ्या, 'नॉइज रिडक्शन' असेल तर बंद करा (लांबवलेला सूर त्याला गोंगाट वाटू शकतो), आणि पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोन तोंडासमोर न धरता हनुवटीच्या खाली, हातभर अंतरावर ठेवा. पंखा बंद. खानापूरकडे पावसाळ्यात हे काम काढूच नका. कौलांवरचा पाऊस आजीपेक्षा मोठ्यानं गातो. गाण्याआधी तिच्याच तोंडून नाव, माहेर आणि गाणं कुणाकडून आलं ते वदवून घ्या.

फोनची मर्यादा एकच, पण मोठी: जे गायलं तेच तो घेतो. अर्धं गाणं अर्धंच राहतं.

स्वरलिपीचं आकर्षण आपल्या भागात जरा जास्त, कारण गल्लोगल्ली पेटीचे क्लास आहेत. बहुतेक मास्तर भातखंडे पद्धतीनं लिहितात: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्र म्हणजे खालच्या सप्तकाला खाली टिंब, तार म्हणजे वरच्या सप्तकाला वर. आरती, पाळणा, हादगा यांना ही पद्धत चांगली चालते. स्वर मोजके, ठेका पक्का. दोन पिढ्यांनंतर एखादी नातसून कागद पाहून पेटीवर वाजवू शकेल. ओवीला मात्र ती तोकडी पडते. ओवीची लय जात्याच्या फेऱ्याला बांधलेली. खुंटा जड झाला की ओळ लांबते, दाणे घालताना थांबते. मास्तर तिला केहरव्याच्या आठ मात्रांच्या ठेक्यात बसवतात आणि ओवीचं भावगीत होतं. दुसरं, पेटीत नसलेले सूर ते जवळच्या पट्टीवर ढकलतात. लिहून घ्यायचंच तर ध्वनिमुद्रणावरून घ्या, आजीला पेटीसोबत गायला लावू नका. तिचा षड्ज, म्हणजे 'सा', तिला ठरवू द्या आणि 'सा काळी चार' (पेटीची चौथी काळी पट्टी) असं काय ते समासात टिपा.

म्हणजे लोकधुनेपासून रागापर्यंत जाता येत नाही असं नाही. इथल्याच सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांनी माळव्यातल्या लोकधुनांतून धुनउगम राग उभे केले. पण ते काम आधी कान लावून ऐकण्याचं होतं, कागदाचं नंतर. नुसते शब्द उतरवून ठेवण्यात काय निसटतं तेही पाहण्यासारखं आहे: 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावरच्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत, पण आवाजात टिपलेल्या त्यामानानं फार थोड्या. शब्द एवढे जमवणं हे प्रचंड काम आहेच. चालीला मात्र कागद पुरत नाही.

तिसरी वाट, शिकणं, सगळ्यात संथ. आठवड्यातून एखादी दुपार द्यावी लागते आणि घरात कुणाला तरी गळा हवा. बरा असला तरी पुरे. पण अर्धवट चालीसाठी माझं मत हिच्याच बाजूनं आहे. आठवतं का, असं विचारलं की आजी नाही म्हणते. तुम्ही तिच्यासमोर चुकीचं गायलात की ती लगेच अडवते, "असं नव्हे गं, वर जाऊन खाली ये की!" आणि त्या दुरुस्तीच्या ओघात अडलेली ओळ पुष्कळदा येऊन जाते. हाताला काम दिलं तरी तसंच: रिकामा पाळणा हलवायला द्या, सूप द्या, जमलं तर जातंच खाली काढा. गाणं हाताला आठवतं.

सीमाभागातली आणखी एक गोष्ट शिकण्याच्याच बाजूनं पडते. लग्नात एकच बाई हळदीला मराठी गाणं म्हणते आणि पुढं सोबाने पद, म्हणजे कन्नड लग्नगीत, उचलते. कन्नडमधले ऱ्हस्व-दीर्घ ए आणि ओ आपल्या नेहमीच्या देवनागरीत वेगळे दिसत नाहीत, त्यामुळे वहीत ओळीचं वजन बिघडतं. कान ते बरोबर धरतो.

मग निवड कशी करायची? म्हातारं माणूस आजारी असेल तर वाद नको, आज फोन. माणूस धडधाकट पण गाणं तुटकं, तर शिकायला बसा आणि फोन शेजारी चालू ठेवा. दुरुस्त्याही त्यात येऊ देत. गाणं पुरं येत असेल आणि ठेक्याचं असेल, तरच मास्तरांना पैसे द्या. स्टुडिओच्या फंदात पडू नका, काचेआड हेडफोन लावून ओवी सुचत नाही. माणूस गेलं असेल आणि मागं जुनी कॅसेट असेल, तर ती प्लेअरमध्ये घालण्याआधी वरच्या कडेचे दोन्ही प्लॅस्टिकचे छोटे टॅब मोडा, म्हणजे चुकून पुसली जाणार नाही. फाइलच्या दोन प्रती ठेवा, एक दुसऱ्याच्या घरी.

आणि एकच ओळ उरली असेल तर गाणारीचं माहेर शोधा. चाली मुलींबरोबर सासरी येतात. चंदगड, गडहिंग्लजकडून खानापूर-निपाणीत आलेल्या चालीची उरलेली ओळ तिकडच्या धाकट्या बहिणीकडे असू शकते. दोघींना एकत्र बसवण्याआधी वेगवेगळं गाऊन घ्या, नाहीतर जिचा आवाज मोठा तिचीच चाल उरते.