कर्ण्याचा फोनो: नऊ महिने वाजवल्यानंतर

फोनो, म्हणजे चावी देऊन वाजवायचा जुना ग्रामोफोन, घरी येऊन नऊ महिने झाले, आता लिहायला हरकत नाही. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं आणि दुसऱ्या महिन्यात नुसत्या शिव्या.

घेतला जुन्या बाजारातून, साडेअकरा हजाराला. दुकानदाराचं नाव घेत नाही. चकचकीत पितळी कर्णा, अष्टकोनी लाकडी पेटी, पेटीवर कर्ण्यासमोर बसलेला एचएमव्हीचा कुत्रा. "साहेब, शंभर वर्षं जुना, संस्थानिकाच्या वाड्यातला." आता त्या बाजारात जेवढे असे फोनो आहेत तेवढे महाराष्ट्रात वाडे तरी होते का, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता, पण कर्ण्यात स्वतःचंच तोंड सोनेरी दिसत होतं आणि मी भुललो.

घरी येऊन टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड फिरते ती थाळी, उचललं आणि खाली निघालं प्लायवूड. कोरं करकरीत, वरून कॉफीच्या रंगाचं पॉलिश फासलेलं. मोटर मात्र खरी जुनी, पूर्वी सुटकेससारखे पोर्टेबल फोनो यायचे ना, त्यातली काढून बसवलेली. म्हणजे इंजिन असली, बॉडी नकली. नंतर कळलं की हा प्रकार सर्रास चालतो. जुन्या यंत्रांचे मोठे कर्णे बहुतेक पत्र्याचे असायचे, रंग दिलेले, फुलासारख्या पाकळ्यांचे, काही लाकडाचे. सुरुवातीच्या काही यंत्रांवर पितळ होतं, नाही असं नाही, पण नव्या समईसारखा चमकणारा एवढा मोठा कर्णा दिसला की आधी शंका घ्या. कर्णा ज्या कोपरात बसतो तो कोपर बघा, जुना ओतीव लोखंडाचा असतो, माझ्याकडचा पितळी नळ वाकवून केलेला. आणि कुत्र्याचं चित्र पुरावा म्हणून धरू नका, ते सुटं मिळतं.

परत करायला गेलो तर दुकानदार म्हणे वाजतोय ना, मग काय प्रॉब्लेम. वाजत होता हे खरं, पण कसा, तर डब्यात माशी कोंडल्यासारखा.

तो दोष साउंडबॉक्सचा. सुई जिथे बसते ती गोल डबी, तीच या यंत्राचा गळा, बाकी कर्णा वगैरे त्यापुढे दुय्यम. मी नकली डबी काढून टाकली आणि अभ्रकाच्या पडद्याची जुनी डबी बावीसशेला घेतली. तिच्यातही पडद्याच्या दोन्ही बाजूंची रबरी कडी वाळून दगड झालेली, नखाने टोकरली तर तुकडे पडले. रबर कडक झालं की पडदा मोकळा हलत नाही, मग खरखर. फिशटँकच्या एअरपंपाची बारीक सिलिकॉन नळी मिळते, ती मापाने कापून दोन्हीकडून बसवली, मधल्या स्क्रूवर मधमाशीच्या मेणाचा एक थेंब सोडला, म्हणजे हवा गळत नाही आणि स्क्रू किणकिणत नाही. खर्च चाळीस रुपये. त्या संध्याकाळी पहिल्यांदा हिराबाई बडोदेकरांचा आवाज खोलीभर आला, आई स्वयंपाकघरातून गॅस बारीक करून बाहेर येऊन उभी राहिली, काही बोलली नाही, नुसती उभी.

मोटरने मात्र रडवलं. गाणं चालू असताना मध्येच पेटीतून धपकन आवाज यायचा आणि गायक क्षणभर खाली घसरायचा. स्प्रिंगच्या डब्यातलं ग्रीस सुकून डांबर झालं की वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि सुटताना अशी झटक्यात सुटतात. आमच्याकडचे घड्याळवाले काका मदतीला आले म्हणून निभावलं. डबा उघडायच्या आधी चावी पूर्ण उतरवून घेतली, तरी काका दोनदा ओरडले, "अरे हातमोजे घाल, ती सुटली तर तोंडावर येईल!" तीन-चार मीटर लांब पोलादी पट्टी असते ती, गंमत नाही. रॉकेलने धुतली, ग्रॅफाइट ग्रीस लावून परत गुंडाळत घातली, दोघांचे हात दोन दिवस काळे.

वेगाचं वेगळंच. मिनिटाला 78 फेरे हवेत. त्यासाठी रेघांची गोल चकती मिळते, आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर 77 रेघांची, ती विजेबरोबर लुकलुकणाऱ्या दिव्याखाली फिरवली की बरोबर वेगाला रेघा थांबल्यासारख्या दिसतात. मी अर्धा तास एलईडी बल्बखाली बघत बसलो, रेघा दिसेचनात. माझा बल्ब लुकलुकतच नाही हे फार उशिरा डोक्यात आलं. शेवटी मोरीतल्या जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटखाली फोनो नेला, तिथे एका मिनिटात काम झालं. अर्थात फार जुन्या रेकॉर्डी नेमक्या 78 ला भरलेल्या नसतात, तिथे शेवटी कानच.

आता माझा गाढवपणा. बालगंधर्वांच्या एका रेकॉर्डवर बुरशी आली होती, मी सॅनिटायझरने पुसली. या तबकड्या लाखेच्या, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते, हे पॉलिशवाल्या पोराला पण माहीत असतं. बोळा काळा झाला, रेकॉर्डवर पांढरट डाग पडला, ती बाजू गेली ती गेलीच. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ फडकं, लेबल कोरडं ठेवायचं, बास.

सुईत कंजुषी करू नका. लाखेत दगडाची भुकटी मिसळलेली असते, त्यावर पोलादी सुई घासून खाचेच्या आकाराची होते, म्हणून एक सुई एकच बाजू. दुसरी बाजू त्याच सुईने लावली की रेकॉर्ड खरवडली जाते. शंभरची डबी मला साडेतीनशेला पडते. एलपी, म्हणजे नंतरच्या प्लास्टिकच्या रेकॉर्डी, तर चुकूनही लावू नका, साउंडबॉक्सचं वजन शंभर ग्रॅमच्या वर, एका फेरीत वाट लागेल. पन्नास-साठच्या दशकातल्या सिनेमाच्या 78 च्या रेकॉर्डी पण मी यावर लावत नाही.

आवाज कमी-जास्त करायची सोय नाही. वरच्या मजल्यावर तान्हं बाळ आहे, दुपारी कर्ण्यात टॉवेल कोंबतो.

रोजच्या ऐकण्याला हे यंत्र नाही, हे सरळ सांगतो. दहा इंची रेकॉर्ड तीन-सव्वातीन मिनिटांची, उठा, चावी द्या, सुई बदला, परत बसा. पण त्यामुळे मी एक बाजू अख्खी ऐकतो, फोनवर गेल्या पाच वर्षांत एकही गाणं असं ऐकलं नसेल. आणि अब्दुल करीम खाँसाहेब तीन मिनिटांत राग कसा उभा करतात ते इथे नीट कळतं, वेळ कमी आहे म्हणून घाई अशी कुठे नाहीच. तबला जवळजवळ ऐकू येत नाही, तंबोरा तर समजूनच घ्यायचा, गळा मात्र समोर बसल्यासारखा. एका मित्राकडे जुनी रेकॉर्ड ऐकली, शेवटी बाई स्वतःचं नाव सांगते. गायिका गौहर जानच्या 1902 च्या कलकत्त्यातल्या रेकॉर्डिंगपासूनची ही पद्धत, तबकड्या छापायला जर्मनीत हानोव्हरला जायच्या, तिथल्या माणसांना गाणारी कोण ते कळायला हवं. आमच्या घरात आता पुतण्या काहीही म्हणून झालं की शेवटी ओरडून नाव सांगतो.

एकूण खर्च दुरुस्ती धरून सोळा हजारांच्या आसपास. एवढ्यात पत्र्याचा गंजका पण खरा मिळाला असता. प्लायवूडच्या जागी सागाची फळी बसवून झाली, आता शोध मूळ कर्ण्याचा आहे. कुणाच्या माळ्यावर पडला असेल तर सांगा, पोचे आलेला चालेल, रंग उडालेला चालेल, फक्त कृपा करून पॉलिश करून देऊ नका.