मेलचिंप : हंगामी आंबा व्यवसायासाठी कितपत उपयोगी?

देवगडच्या आमच्या बागेतील हापूस आम्ही मुंबई-पुण्याच्या घरांना थेट पाठवतो. या व्यवसायात ग्राहकाशी गाठ पडते ती मार्च ते मे एवढ्याच काळात, आणि पुढच्या हंगामात त्याने पुन्हा आपल्याचकडे यावे असे वाटत असेल तर मधल्या महिन्यांत त्याच्याशी काही बोलणे आवश्यक असते. व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच मावतात आणि ज्याने आपला क्रमांक जतन केलेला नाही त्याला तो संदेश पोहोचत नाही, म्हणून आम्ही मेलचिंप ही ईमेल सेवा निवडली. २००१ मध्ये अमेरिकेतील अटलांटा येथे सुरू झालेली ही सेवा २०२१ मध्ये इंट्यूट या अमेरिकी सॉफ्टवेअर कंपनीने सुमारे १२ अब्ज डॉलरना विकत घेतली.

तिचा सर्वांत मोठा गुण म्हणजे प्रत्येक ग्राहकाच्या नावापुढे टॅग, म्हणजे ओळखीची खूण, लावण्याची सोय. कोण अक्षय्य तृतीयेलाच पेटी मागवतो, कोण नातेवाइकांना भेट म्हणून पाठवतो, कोणाला अढीत घालण्यासाठी कच्चे फळ हवे असते, हे एकदा नोंदवून ठेवले की ज्याला जे सांगायचे तेच त्याला सांगता येते. थंडी लांबून मोहोर उशिरा आला, तर पहिली तोड मागे जाणार आणि सुरुवातीचा भाव चढा राहणार, हे आम्ही जानेवारीतच सर्वांना कळवतो. पाडव्याला आंबा हवाच असलेल्यांना मात्र वेगळे पत्र जाते, ज्यात त्यांनी आमची वाट न पाहता अन्यत्र सोय करावी असे स्पष्ट लिहिलेले असते. अशा पत्रांना येणारी उत्तरे थेट आमच्या मेलमध्ये येतात आणि त्यांतूनच ओळख वाढते. सवलतीच्या जाहिरातीला असे उत्तर कोणी देत नाही.

मराठी मजकूर निर्वेध जातो, मात्र सेवेच्या पडद्यावरील सूचना व बटणे मराठीत नाहीत. मेलसाठी मिळणारे तयार नमुने देखणे असले तरी आमच्या मते ते टाळावेत. त्यांतील चौकटी आणि बटणे पाहताच वाचणाऱ्याला जाहिरात आल्याचे कळते, शिवाय मेलचा कोड १०२ केबीपेक्षा मोठा झाला तर जीमेल पुढचा भाग कापून टाकते. साधा मजकूर आणि बागेचे एखादे छायाचित्र पुरेसे असते.

किती जणांनी मेल उघडला याचा आकडा ही सेवा ठळकपणे दाखवते, पण त्यावर विसंबू नये. २०२१ पासून अॅपलच्या मेल अॅपमधील गोपनीयतेची सोय चालू असेल तर मेलमधील चित्रे आपोआप उतरवली जातात, आणि मेल उघडल्याची नोंद चित्र उतरण्यावरूनच होत असल्याने न वाचलेला मेलही उघडलेला दिसतो. आलेली उत्तरे आणि नोंदवलेल्या पेट्या हेच खरे माप धरावे.

मेल स्पॅममध्ये न जाता पोहोचावा यासाठी पाठवणाऱ्याचा पत्ता स्वतःच्या डोमेनचा, म्हणजे स्वतःच्या संकेतस्थळाच्या नावाचा हवा आणि त्याचे प्रमाणीकरणही, म्हणजे मेल खरोखर आपणच पाठवतो याची तांत्रिक खात्री, करून घ्यायला हवे. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने याबाबतचे नियम कडक केले असून स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवण्यास सांगितले आहे, म्हणजे हजार मेलमागे तीन तक्रारीही जास्तच ठरतात. विकत घेतलेल्या याद्यांना मेलचिंप मुळातच मनाई करते आणि प्रत्येक मेलच्या तळाशी यादीतून बाहेर पडण्याचा दुवा सक्तीचा ठेवते. ही सक्ती आम्हाला मनापासून पटते, कारण ज्याला आपले पत्र नको आहे त्याला ते पाठवत राहण्याने आधीचा स्नेहही जातो.

खरी तक्रार आहे ती दरांबद्दल. पूर्वी मोफत योजनेत २,००० पत्ते ठेवता येत असत. नंतर ती मर्यादा बरीच खाली आणली गेली. मासिक योजनेचे शुल्क पत्त्यांच्या संख्येवर ठरते आणि यादीतून बाहेर पडलेले ग्राहकही त्यात मोजले जातात, म्हणून त्यांना वेळोवेळी ‘अर्काइव्ह’मध्ये, म्हणजे मोजणीत न येणाऱ्या जुन्या पत्त्यांच्या कप्प्यात, टाकत राहावे लागते. वर्षभर दुकान चालवणाऱ्याला हे परवडू शकेल. जे बागायतदार वर्षातून मोजकीच पत्रे पाठवतात त्यांनी मासिक योजना न घेता, पाठवलेल्या मेलइतकेच पैसे कापणारी क्रेडिटची योजना घ्यावी. मात्र ती क्रेडिट बारा महिन्यांनी संपतात, त्यामुळे खरेदी हंगामाच्या तोंडावर आणि गरजेपुरतीच करावी.