गेटवेसमोर बोट बांधून एक हंगाम: जागा मिळाली, पायरी मिळाली नाही

मुंबई बंदरात बोट बांधायला भाड्याने घेतलेल्या जागेच्या अनामतीतून ९,००० रुपये कापले. कारण काय, तर "साखळीची झीज". समुद्राच्या तळाला चिखलात पडलेली साखळी, जी मी कधी डोळ्यांनी पाहिलेली नाही, ती म्हणे माझ्या बोटीने झिजवली. फोटो मागितला तर "पाण्याखाली फोटो कसा काढणार, साहेब?" मग झीज कुणी मोजली आणि कशाने मोजली? यावर फोन ठेवून दिला. पावतीवर या कपातीचा उल्लेखही नाही. त्यामुळे मुंबईत बोटीला जागा शोधणाऱ्यांसाठी सगळं एकदाचं लिहून टाकतोय.

बोट साधीच आहे. १९ फुटी, फायबरची, सेकंडहँड, मागे बाहेरून लावलेलं ६० एचपीचं इंजिन, म्हणजे आउटबोर्ड. मी आणि मेव्हणा अर्धेअर्धे. तो परळला, मी साताऱ्यात गोडोलीला. बोटीबद्दल नंतर कधीतरी लिहीन, इंजिनाची तक्रार नाही. विषय फक्त बोट ठेवायच्या जागेचा आहे.

"दारात कोयनेचा शिवसागर असताना मुंबईला कशाला मरायला गेलात?" हे साताऱ्यात प्रत्येकाने विचारून झालंय. कोयनेचं पाणी सुंदरच आहे, पण बामणोली-तापोळ्याच्या लाँचवर तिथल्या लोकांची पोटं आहेत, आजूबाजूला अभयारण्य आहे. मुनावळ्याला जलपर्यटन सुरू झालंय तेही सरकारी व्यवस्थेतून. तिथे आपली हौसेची बोट नेऊन बांधणं मला पटलं नाही. आणि मेव्हण्याला समुद्रच हवा होता. "दाजी, पैसे अर्धे माझे आहेत," म्हणाला. विषय संपला.

आता मुंबई. एवढ्या मोठ्या शहरात, तीन बाजूंनी पाणी असताना, हौशी बोटवाल्यांसाठी धड मरीना नाही. तरंगता धक्का, त्याला दोन्ही बाजूंनी बांधलेली बोट, शेजारी नळ आणि विजेचा खांब, गाडी लावून चालत जायचं आणि बोटीत पाय टाकायचा, अशी सोय कोचीत बोलगट्टीला आहे. मुंबई बंदरात होणार म्हणून बातम्या वाचतोय, होईल तेव्हा होईल. रेडिओ क्लबजवळ जेट्टी होतेय, पण ती प्रवासी बोटींसाठी. गेटवेच्या शेजारी १८४६ पासूनचा रॉयल बॉम्बे यॉट क्लब आहे, पण क्लबचं सभासदत्व हा आमच्या खिशाचा विषय नाही. ससून डॉक मच्छीमारांचा, तिथे आपण अडगळ. नवी मुंबईच्या खाड्यांत चौकशी केली, तर ओहोटीला बोट चिखलात बसते. उरलं ते मूरिंग.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच: तळाला काँक्रीटचा ठोकळा, त्याला साखळी, वर बोया आणि बोयाला तुमच्या बोटीचा दोर. बोट धक्क्याला लागत नाही, पाण्याच्या मधोमध तरंगते आणि भरती-ओहोटीबरोबर तोंड फिरवत राहते. नळ नाही, वीज नाही. बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपासाठी छोटं सोलर पॅनल लावावंच लागतं. इंजिन गोड्या पाण्याने धुवायचं तर कॅन भरून न्यायचे.

इथेच आमचं घोडं अडलं. जागेचं भाडं बोटीचं, बोटीपर्यंत जायचं भाडं वेगळं. पार्किंगचे पैसे भरायचे आणि मग पार्किंगपर्यंत रिक्षा करायची, तसला प्रकार. डिंगी म्हणजे धक्क्यावरून बोटीपर्यंत सोडणारी छोटी होडी. डिंगीवाला एका फेरीचे २०० घेतो, अंधार पडल्यावर किती घेईल ते त्याच्या मनावर. करारात "डिंगीची सोय उपलब्ध" असं लिहिलेलं होतं. सोय होती, हे खरं. ती फुकट आहे असं कुठे लिहिलंय, असं त्यांनी मला तोंडावर विचारलं.

पण २०० रुपयांपेक्षा जास्त त्रास दिला तो पायऱ्यांनी. ज्यांनी बोट नुकतीच घेतली असेल त्यांनी पुढचं नीट वाचा, हे कुठला दलाल सांगत नाही.

उधाणाला मुंबईत पाणी चार मीटरच्या वर चढतं आणि तेवढंच उतरतं. म्हणजे दुपारी पायाशी असलेलं पाणी संध्याकाळी दीड मजला खाली. धक्का दगडी, जागचा न हलणारा. पाणी उतरलं की खालच्या पायऱ्या उघड्या पडतात आणि त्यांच्यावर हिरवं शेवाळ, त्यावर काळ्या तेलाचा थर. चपला हातात, कॅन दुसऱ्या हातात, डिंगी खाली हेलकावतेय आणि डिंगीवाला वरून नाही, खालून ओरडतोय.

आता तिथीचा हिशेब बघा. कोकणात जुना ठोकताळा आहे, तिथीला पाऊणपट करा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमाराला. पौर्णिमा-अमावस्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. प्रत्यक्षात मुंबईला थोडी उशिराच येते, बारा-साडेबारापर्यंत जाते. भरती दुपारी बारा म्हणजे ओहोटी सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. आणि हे उधाणाचे दिवस, म्हणजे ओहोटीही सगळ्यात खोल. साताऱ्याहून रात्रीचं निघून पहाटे गेटवेला पोचणारा माणूस कधी येतो? सहाला. दिवसभर फिरून परत कधी येतो? सहाला. ज्या दिवशी पाणी सर्वांत खाली, त्याच दिवशी तुम्ही दोन्ही वेळा नेमके त्या शेवाळलेल्या पायऱ्यांवर! दलालाने जागा दाखवली ती भर दुपारी, तुडुंब भरतीला. तेव्हा डिंगी वरच्या पायरीला लागलेली होती, घरच्यांनी फोटो काढले.

भांगाच्या दिवसांत म्हणजे अष्टमी-नवमीच्या आसपास पाणी कमी हलतं, तेव्हा त्रास कमी. तेव्हापासून घरी कालनिर्णयवर आम्ही सणवार नंतर बघतो, आधी तिथी बघतो. रविवार आणि अष्टमी जुळून आली की मेव्हण्याला फोन.

उपाय अवघड नाही. तरंगता पाँटून टाका, पाण्याबरोबर वरखाली होतो, त्याला उतरती शिडी. बामणोलीला तर पाँटूनसुद्धा नसताना चालतं. कोयनेला भरती-ओहोटी वर्षातून एकदा येते, पावसाळ्यात धरण भरतं आणि मेपर्यंत उतरत जातं. तिथले लोक लाँचचं नाक उतरत्या काठाला लावतात, शिडी टाकतात, पाणी खाली गेलं की लाँच खाली सरकवतात. म्हाताऱ्या बायका भाजीच्या पाट्या घेऊन चढतात. जिथे पाणी वर्षभरात उतरतं तिथे ही अक्कल, आणि जिथे दिवसातून दोनदा उतरतं तिथे दगडी पायरी. मी हे मूरिंगवाल्यांना बोललो. ते म्हणाले, धक्का आमचा नाही. बरोबर आहे. साखळी तेवढी त्यांची.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. डिंगीवाले मामा. करंजाकडचे कोळी, साठीच्या पुढचे. सुरुवातीला आमच्याकडे बघायचेही नाहीत, मोठ्या यॉटवाल्यांची माणसं आधी. एकदा जाताना सहज कंदी पेढ्यांचा पुडा दिला. पुढच्या वेळी हाक न मारता डिंगी लागली. "पानी नाय शेट, अर्धा तास थांबा, चहा घ्या," असं स्वतःहून सांगणारा माणूस करारात लिहून मिळत नाही. दर तोच राहिला, २०० म्हणजे २००, त्यात पेढ्याने फरक पडला नाही. पण थांबणं संपलं.

आणि दोराचं त्यांनीच दाखवलं. आमचा दोर बोटीच्या नाकावर जिथून आत येतो तिथे घासून घासून केसाळ झाला होता, तीन पेडांपैकी एक पेड अर्धा तुटलेला. वरून बघितलं तर काही कळत नव्हतं, उलटा करून पाहिल्यावर पोटात गोळा आला. मामांनी अग्निशमनाच्या जुन्या पाइपाचा हातभर तुकडा आणला, तो दोरावर ओवला, दोन्ही टोकांना सुतळीने करकचून बांधला. नाकावर आता पाइप घासतो, दोर नाही. दुकानात याच कामासाठी वेगळं कव्हर मिळतं, किंमत ऐकून मी पाइपच ठेवला. हंगाम संपला तरी तो तुकडा शाबूत आहे.

यातलं जागेचं आणि पायऱ्यांचं बरंचसं एप्रिलमध्येच लिहून ठेवलं होतं, मूरिंगला पाचपैकी दोन तारे देऊन. अनामतीचं आणि पुढचं पावसाळ्यात लिहितोय, आणि मत थोडं बदललंय.

बदललं कारण मेमध्ये वाऱ्याचा जोर वाढला तेव्हा बोट जागची हलली नाही. शेजारची एक बोट सुटून दुसऱ्यावर आदळली, आमची बोयाला धरून उभी. म्हणजे ज्या साखळीचे पैसे कापले ती साखळी चांगली होती. भाडंही मुंबईच्या मानाने अवाजवी म्हणता येणार नाही. म्हणून जागेला साडेतीन तारे. पायरीला शून्य. अनामतीच्या व्यवहाराला काय द्यायचं ते तुम्ही ठरवा.

मेअखेर बोट काढावीच लागते. नैऋत्येचा वारा सुरू झाला की लहान बोटींना बंदरात राहता येत नाही, गेटवे-मांडवा फेऱ्याही पावसाळ्यात बंद असतात. क्रेनने उचलली तेव्हा खालून बघवत नव्हती. पाण्याखालच्या भागावर कडक पांढऱ्या शिंपल्यांचा थर, मुठीने ओढला तर हात कापतो. त्याच्या वर पाण्याच्या रेषेला काळा तेलकट पट्टा, बंदरातल्या तवंगाचा. पट्टा रॉकेलने निघाला, शिंपले खरवडायला दोन माणसं लागली. शिंपले धरू नयेत म्हणून वर्षातून एकदा खाली अँटिफाउलिंग रंग मारावा लागतो हे खर्चात धरा. बाकीचा धातू गंजू नये म्हणून लावलेला झिंकचा ठोकळाही खाऱ्या पाण्याने अर्धा खाऊन टाकलेला होता. त्याचं कामच ते, पण नवा घ्यायला विसरू नका.

आयशरमध्ये घालून बोट साताऱ्याला आणली. खंबाटकीत मागच्या गाड्या हॉर्न मारत होत्या, कौतुकाने की वैतागून कळलं नाही. आता अंगणात ताडपत्रीखाली आहे. शेजाऱ्यांनी विचारलं, "पूर येणार आहे का?" गोडोलीला पूर आला तर कराडचं काय होईल, असं मी म्हटलं.

पुढच्या हंगामासाठी मांडव्याला बघून आलोय. मांडव्याचं गणित साताऱ्यातून निघणाऱ्याला वेगळं पडतं, हे मुंबईकर मेव्हण्याला पटायला वेळ लागला. महाबळेश्वर, आंबेनळी घाट, पोलादपूर, महाड करत अलिबागला उतरलं की मुंबईत शिरायलाच नको. घाटाचा रस्ता आहे, पण पहाटे द्रुतगती मार्ग आणि मग कुलाब्यात पार्किंग शोधणं यापेक्षा मला बरा. मेव्हण्याला भाऊच्या धक्क्यावरून रो-रो आहे, गाडीसकट तासाभरात मांडवा. जागेचं भाडं गेटवेपेक्षा फार कमी नाही. पण मी या वेळी भाडं विचारायच्या आधी धक्क्यावर गेलो, पौर्णिमेच्या संध्याकाळी सहाला, मुद्दाम. ओहोटी लागलेली होती. डिंगीत चढायला अडचण नव्हती, उतरायलाही नाही. तिथल्या पोराने विचारलं, काका, बोट कुठाय? म्हटलं, अंगणात आहे.

आणखी काही बारीकसारीक. लाइफ जॅकेट डिंगीतही घाला. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेल्या फेरीबोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली, त्यानंतर गेटवेला जॅकेटची तपासणी कडक झाली आणि व्हायलाच हवी होती. जवाहर द्वीप आणि नौदलाच्या गोदीच्या आसपास फिरकू नका, गस्तवाले लगेच हाकलतात. बोटीवर खाण्याचं सामान ठेवू नका, घारी आणि कावळे ताडपत्री फाडतात. आणि करार सही करायच्या आधी तीन गोष्टी लिहून घ्या: डिंगीचा दर, साखळीची जबाबदारी कुणाची आणि अनामत किती दिवसांत परत. माझ्या करारात तिसरी होती, "वाजवी मुदतीत". ग्राहक आयोगात जायचं का हे मेव्हणा विचारतोय. ९,००० साठी तारखांना खेटे घालायची माझी तयारी नाही. तरी नोटीस पाठवतोय, स्पीड पोस्टाने.

नवीन जागेला दोर जास्त जाड लागणार आहे म्हणून जुन्या दोराचा चांगला भाग आणि दोन फेंडर (बोट धक्क्याला घासू नये म्हणून बाजूला लटकवायच्या उशा) विकायचे आहेत. पाइपाचा तुकडा विकायचा नाही. कुणाला हवे असतील तर साताऱ्यात येऊन न्यावेत, पार्सलचा खर्च मी करणार नाही.