दख्खनच्या राणीच्या भरवशावर नवी नोकरी: पन्नाशीच्या उंबरठ्यावरून एक परीक्षण

पुण्यात घर, मुंबईत नवी नोकरी आणि दोहोंच्या मधला दुवा म्हणून डेक्कन क्वीन, हा बेत पुण्यातल्या अनेक घरांत कधी ना कधी मांडला जातो. तिशीत तो मांडला, तर घरचे फार तर जेवणखाणाची आणि झोपेची काळजी बोलून दाखवतात. तोच बेत अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मांडला की मुलीची बारावी, आईचा गुडघा, घराच्या कर्जाचे उरलेले हप्ते आणि स्वतःची साखर या सगळ्यांना एकदम बोलायला तोंड फुटते. माझ्यापुढे असा प्रस्ताव आल्यावर, सध्याच्या कचेरीत राजीनाम्याचे पत्र देण्यापूर्वी मी थोडी रजा टाकली आणि नोकरी लागल्याच्याच शिस्तीने या गाडीने काही दिवस अपडाउन करून पाहिले. त्यामुळे हे परीक्षण घाटातल्या धबधब्यांचे किंवा ऑम्लेटचे नाही, जरी ऑम्लेटविषयी दोन शब्द पुढे येतीलच. उतारवयाकडे झुकलेल्या माणसाने स्वीकारलेल्या, जबाबदारीच्या आणि दमवणाऱ्या नोकरीचा भार ही गाडी वाहू शकेल का, एवढ्याच प्रश्नाच्या अंगाने मी तिच्याकडे पाहिले आहे.

सुरुवात वेळापत्रकापासून करणे भाग आहे, कारण या निर्णयातले निम्मे उत्तर तिथेच छापलेले आहे. गाडी पुण्याहून सकाळी ७.१५ ला सुटते आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला १०.२५ ला पोहोचते; संध्याकाळी ५.१० ला तिथून निघते आणि रात्री ८.२५ ला पुण्यात येते. म्हणजे १९२ किलोमीटरच्या या मार्गावर रोज जाऊन-येऊन ६ तास २५ मिनिटे गाडीत जातात आणि मुंबईत आपल्या वाट्याला येतात ६ तास ४५ मिनिटे. ऑफिसात आणि गाडीत घालवायचा वेळ जवळजवळ सारखाच आहे, ही गोष्ट पगाराच्या आकड्यासमोर बसून कोणाच्या सहज लक्षात येत नाही. कोथरूडसारख्या ठिकाणी राहणाऱ्याला सकाळी सहा-सव्वासहाला घर सोडावे लागते आणि रात्री परतायला नऊ वाजून जातात. म्हणजे पंधरा तास घराबाहेर, आणि त्यातले प्रत्यक्ष कामाचे तास सहासुद्धा भरत नाहीत.

हे सहा तास कुठे खर्च करायचे आहेत, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. ऑफिस फोर्टात किंवा नरिमन पॉइंटला असेल, तर स्टेशनातून बाहेर पडून बस किंवा टॅक्सीने पावणेअकरा-अकरापर्यंत खुर्चीत बसता येते आणि पावणेपाचला निघालो तरी चालते. माझा प्रस्ताव मात्र वांद्रे-कुर्ला संकुलातला आहे. तिथे जाणाऱ्याला सकाळी दादरला उतरणे सोयीचे पडते आणि २०२५ मध्ये मेट्रो तीनची मार्गिका दादरपर्यंत व पुढे कफ परेडपर्यंत सुरू झाल्याने टॅक्सीसाठीची वादावादी वाचली आहे, हे मान्य करायला हवे. तरीही संध्याकाळची गाडी निवांतपणे गाठायची तर चारच्या सुमारास लॅपटॉप बंद करावा लागतो. चार वाजता. विभागप्रमुख म्हणून ज्याला नेमले आहे, ज्याच्या हाताखाली पंचवीस-तीस माणसे आहेत आणि ज्याचे वरिष्ठ लंच आटोपून साडेतीनला खऱ्या अर्थाने कामाला लागतात, त्याने रोज चार वाजता उठायचे, हे चित्र मी डोळ्यांसमोर आणून पाहिले आणि ते फारसे स्थिर राहिले नाही.

यात गाडीचा दोष नाही. १ जून १९३० रोजी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने ती सुरू केली, तेव्हा ती मुख्यतः सुट्टीच्या दिवसांची आणि पुण्यातल्या घोड्यांच्या शर्यतींना येणाऱ्या शौकिनांची गाडी होती; तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला तिच्यात जागा मिळायला १९५५ साल उजाडावे लागले. पुढे ती चाकरमान्यांची झाली आणि अकरा ते पाच चालणाऱ्या सरकारी कचेऱ्या, बँका, विमा कंपन्या यांच्या घड्याळाशी तिचे छान जमले. त्या कचेऱ्यांतल्या माणसाला पाचच्या ठोक्याला उठण्याची परवानगी कोणाकडे मागावी लागत नसे. आजच्या खासगी कंपनीत वरच्या पदावरच्या माणसाला मात्र संध्याकाळी सहालाच एखादी परदेशातली बैठक लागते. गाडी आपल्या जागी आहे. नोकऱ्यांची वेळ सरकली आहे.

आता गाडीच्या आतल्या जगाविषयी, कारण नुसत्या आकड्यांवर निर्णय घ्यायचा असता तर मी रजा टाकलीच नसती. पासधारकांचा डबा हा या सेवेतला सर्वांत बोलका भाग आहे. मासिक किंवा त्रैमासिक पास काढणाऱ्यांसाठी तो राखलेला असतो आणि त्यात कोण कुठे बसतो हे कुठेही लिहिलेले नसले, तरी प्रत्येकाला ठाऊक असते. नवख्याने खिडकीशी बसण्याची घाई केली, तर कोणी ओरडत नाही. फक्त एक गृहस्थ येऊन शेजारी उभे राहतात आणि आपल्याला आपोआप उठावेसे वाटते. शिवाजीनगर मागे पडेपर्यंत गप्पा, मग वर्तमानपत्राची पाने वेगवेगळी होऊन चार हातांत फिरतात आणि पुढे बहुतेक डबा माना टाकून झोपतो. डोळ्यांवर रुमाल, मांडीवर जेवणाच्या डब्याची पिशवी आणि मानेभोवती फुगवलेली उशी, अशा अवस्थेतली पन्नाशीची माणसे जवळून पाहिली की पगाराच्या पत्रात न लिहिलेली कलमे वाचायला मिळतात.

त्यांतल्या एका ज्येष्ठ पासधारकांना मी माझी अडचण सांगितली. निवृत्तीला दोनेक वर्षे राहिलेली, फोर्टातल्या बँकेत नोकरी. त्यांनी पगार किती वाढतो हे विचारलेच नाही. "साहेब, ऑफिसात तुम्ही चारला उठता की तुम्हाला चारला उठू देतात, हे आधी ठरवून घ्या," ते म्हणाले. "आणि एक पावसाळा काढा. उन्हाळ्यात सगळ्यांनाच जमतं."

पावसाळ्याचा त्यांचा इशारा पोकळ नव्हता. कर्जत आणि लोणावळा यांच्यामधला भोर घाट हा ३७ फुटांना एक फूट इतका तीव्र चढाचा आहे, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तिथे दरड कोसळली किंवा रुळांवर माती आली की पुणे-मुंबई गाड्या उशिरा धावतात, कधी मधेच थांबवल्या जातात, तर कधी काही दिवसांसाठी रद्दच होतात. बँकेतल्या जुन्या कर्मचाऱ्याला अशा दिवशी एक रजा पडते. नव्या कंपनीत पहिल्या सहा महिन्यांची परीक्षा देत असलेल्या माणसाला मात्र त्या दिवशी पहाटे उठून द्रुतगती मार्गावरची बस शोधावी लागते, आणि त्याच पावसात त्या रस्त्याचीही खात्री नसते.

प्रवासाचा वेळ म्हणजे कामाचा वेळ, असा एक युक्तिवाद नव्या कंपन्यांचे मनुष्यबळ विभाग हल्ली उत्साहाने करतात. तो मी नीट तपासून पाहिला. वातानुकूलित चेअर कारमध्ये समोरच्या छोट्या टेबलावर लॅपटॉप मावतो, आणि लोणावळ्यापर्यंत अहवाल वाचणे, पत्रे लिहिणे, तक्ते तपासणे ही कामे खरोखर चांगली होतात. ऑफिसात मिळत नाही इतकी एकाग्रता इथे मिळते. घाट लागला की बोगद्यांमागून बोगदे येतात आणि मोबाइलचे नेटवर्क तुटते, त्यामुळे या पट्ट्यात फोनवरची बैठक घेण्याचा विचारही करू नये. संध्याकाळी परतताना तर डोके चालतच नाही. म्हणून सहा तास पंचवीस मिनिटांतले कामाचे म्हणून फार तर दीड-दोन तास धरावेत. त्यापेक्षा जास्त धरणारा एक तर तरुण आहे किंवा मुलाखतीत बोलतो आहे.

डायनिंग कारबद्दल मात्र तक्रारीला जागा नाही. टेबलाशी बसून खाण्याची सोय असलेला असा डबा भारतातल्या रोजच्या गाड्यांत दुसरीकडे मिळत नाही, आणि जून २०२२ मध्ये गाडीला नवे एलएचबी डबे आले तेव्हाही तो टिकवला गेला, हे रेल्वेने फार चांगले केले. गरम ऑम्लेट, कडक भाजलेला चीज टोस्ट आणि चहा समोर ठेवून खिडकीतून मागे पळणारा मावळ पाहताना ही नोकरी घ्यावीच असे वाटू लागते. सावध राहण्याची जागा नेमकी हीच आहे. कधीमधी जाणाऱ्याची डेक्कन क्वीन आणि रोज जाणाऱ्याची डेक्कन क्वीन या दोन निरनिराळ्या गाड्या आहेत. पासधारक डायनिंग कारकडे फारसे फिरकत नाहीत, ते घरून आणलेली पोळी-भाजी खातात आणि झोपतात. ज्येष्ठ पासधारकांच्या डब्यात त्या दिवशी मेथीची भाजी होती आणि ती त्यांनी कर्जत यायच्या आत संपवली.

पैशांचा भाग थोडक्यात सांगतो. पासाचा खर्च पगारवाढीपुढे किरकोळ आहे. तिथे अडण्याचे कारण नाही. भविष्यनिर्वाह निधी यूएएन क्रमांकावरून (नोकरी बदलली तरी न बदलणारा निधीचा क्रमांक) नव्या ठिकाणी वर्ग करता येतो, तो काढून घेण्याचा मोह टाळावा. ग्रॅच्युइटीचे गणित मात्र गाडीशी थेट जोडलेले आहे. कायम नोकरीत ती मिळण्यासाठी सलग पाच वर्षांची सेवा लागते, म्हणून जुन्या ठिकाणची पाच वर्षे पूर्ण होण्याआधीच उठणे नुकसानीचे आहे, आणि नव्या ठिकाणी तिचा हक्क हवा असेल तर प्रश्न "हा प्रवास मला जमेल का" एवढाच राहत नाही; पाच पावसाळे जमेल का, असा होतो. त्रेपन्नाव्या वर्षीच्या माझ्या मानेला आणि पाठीला विचारून या प्रश्नाचे उत्तर आज देता येत नाही, पण आजच्या मानेने काही दिवसांतच जे सांगितले ते उत्साहवर्धक नव्हते.

पर्यायी सोयी आहेत, पण त्यांनी मूळ अडचण सुटत नाही. सिंहगड एक्स्प्रेस क्वीनच्या तासभर आधी निघते, त्यामुळे मुंबईत लवकर पोहोचता येते, पण झोप आणखी तुटते. प्रगती एक्स्प्रेस परतीला क्वीनच्याही आधी सुटते, म्हणजे उशिरापर्यंत थांबणाऱ्याच्या ती उपयोगाची नाही. साडेसहा-सातला काम संपले तर दादरहून शिवनेरी बस आहे आणि ती बरी आहे. तिने घरी पोहोचायला रात्रीचे अकरा वाजतात, आणि पुन्हा सकाळी सहाला निघायचे असते. आठवड्यातून एखाद्या दिवशी हे चालेल. मुंबईत चार रात्री खोली घेऊन राहणे हा वेगळा संसार आहे आणि त्याची किंमत भाड्यात मोजता येत नाही, असे आमच्या घरात स्पष्टपणे सांगितले गेले.

गाडी म्हणून डेक्कन क्वीनला मी पाचपैकी साडेचार गुण देईन. उरलेला अर्धा गुण घाटातल्या नेटवर्कसाठी कापला आहे, जो खरे तर रेल्वेकडून कापायला नको. पंचेचाळिशीनंतरच्या कष्टाच्या नोकरीचा रोजचा आधार म्हणून मात्र तिला तीनच गुण देता येतात, आणि तेही ऑफिस फोर्टच्या आसपास असेल तर. आठवड्यातून दोन किंवा तीन दिवसच मुंबईला जायचे असेल, तर हिशोब पार बदलतो: ३२ तासांचा साप्ताहिक प्रवास १३ ते १९ तासांवर येतो, मधले दिवस झोपेची थकबाकी भागवतात, आणि पासऐवजी चेअर कारचे आरक्षण काढणे परवडते. अशा माणसाला मी ही सेवा मोकळ्या मनाने सुचवेन. मात्र दिवस किती आणि कोणते, तसेच त्या दिवशी चारनंतर बैठक ठेवली जाणार नाही, या दोन्ही गोष्टी नेमणूकपत्रात लिहून घ्याव्यात. तोंडी आश्वासन देणारे वरिष्ठ वर्षभरात बदलून जातात आणि त्यांच्या जागी येणाऱ्याला आपल्या गाडीची वेळ माहीत नसते.

माझ्या बाबतीत आठवड्याचे तीन दिवस लेखी आले आहेत. चारनंतरच्या बैठकींबद्दल "गरजेनुसार परस्पर सहमतीने" एवढाच मजकूर आला आहे. तो बदलून मागणारे पत्र मी सोमवारी पाठवले असून, उत्तर येईपर्यंत इथल्या कचेरीतला राजीनामा दिलेला नाही.